दप्तर राखण्याचा खर्च

१

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मराठवाड्यातील मराठा समाजाच्या निजामकालीन कुणबी नोंदी तपासण्याचे काम तिच्याकडे होते. पुढे ते साऱ्या राज्यासाठी वाढवण्यात आले. बघता बघता तहसील कचेऱ्या, भूमी अभिलेख कार्यालये, जिल्हा परिषदेच्या शाळा, पोलीस ठाणी आणि तुरुंग यांतली कपाटे उघडली गेली. कोणकोणते कागद पाहायचे याची यादी मुळातून वाचण्यासारखी होती. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कूळ नोंदवही आणि जन्म-मृत्यूचा गाव नमुना १४ तर होतेच. त्यांच्या जोडीला शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर, कच्च्या कैद्यांचे रजिस्टर, क्लासर रजिस्टर, खरेदीखते, इसारपावत्या आणि चक्क उत्पादन शुल्क खात्याच्या ताडीच्या नोंदवह्याही होत्या. मोडी वाचणारे कुठे मिळतात, उर्दू-फारसी वाचणारे कुठे मिळतात, याची जिल्ह्याजिल्ह्यांत शोधाशोध सुरू झाली. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. तेव्हाच्या राजधानीतले कागद राजधानीतच राहिले, त्यामुळे समितीला हैदराबादचाही रस्ता धरावा लागला. सापडलेल्या नोंदींचा आकडा पन्नास लाखांच्या पुढे गेल्याचे सांगितले गेले.

आरक्षणाच्या वादात शिरण्याचे या पुस्तकाला कारण नाही. या शोधाने दुसरीच एक गोष्ट उघडी पाडली, ती आपल्या विषयाची आहे. ताडीची वही लिहिणाऱ्या कारकुनाने माणसाच्या नावापुढे जातीचा रकाना भरला, तेव्हा आपण सत्तर-ऐंशी वर्षांनंतरच्या कुणाच्या तरी हक्काचा पुरावा लिहीत आहोत, हे त्याच्या स्वप्नातही नसेल. ती वही टिकली तीही कुणी ठरवून टिकवली म्हणून नव्हे. बऱ्याच ठिकाणी ती टिकली, कारण ती फेकायला कुणाला सवड झाली नाही. जिथे सवड झाली, छप्पर गळले, कचेरी नव्या इमारतीत हलली किंवा वाळवी आधी पोहोचली, तिथल्या माणसांना आज दाखवायला काही नाही. कागद शोधायची वेळ आली तेव्हा सरकारने माणसे, गाड्या, स्कॅनर, दुभाषे सगळे एका हुकमानिशी उभे केले. तोच कागद त्याआधीची पन्नास वर्षे राखण्यासाठी काय उभे केले होते, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नाही.

पुढची सर्व प्रकरणे याच प्रश्नाभोवती आहेत. सार्वजनिक अभिलेख राखायला किती पैसा लागतो, तो कुठून यावा, कुणाच्या हाती असावा आणि तो नसला की काय होते? विषय रुक्ष वाटेल. पण ज्याने वारसनोंदीसाठी जुना फेरफार मागितला आणि 'कागद आढळून येत नाही' असा शेरा हाती घेऊन घरी परतला, त्याला तो रुक्ष वाटणार नाही.

२

आपल्याकडे दप्तर सांभाळण्याची परंपरा नव्हती, ती इंग्रजांनी आणली, असे अजूनही म्हटले जाते. ते खरे नाही. पेशवाईत पुण्याचे हुजूर दप्तर ही मोठी यंत्रणा होती. फडणिसाच्या हाताखाली चालू कामाचे चालते दप्तर होते, आणि सगळीकडून आलेले हिशेब वर्गवार लावून ठेवणारे एकबेरीज दप्तर वेगळे होते. कोणत्या परगण्याचा वसूल किती आला आणि कोणत्या इनामाला कधी सनद दिली, हे हवे तेव्हा काढून दाखवता यावे अशी ही व्यवस्था होती. नाना फडणिसांच्या काळात ती शिस्तीला आली. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मात्र दप्तराकडे दुर्लक्ष झाले, कारकुनांची आस्थापना जवळजवळ मोडीत निघाली, कुणीही यावे आणि हवा तो कागद पाहावा अशी स्थिती आली, आणि पुष्कळ कागद गहाळ झाले. १८१८ नंतर दप्तर हाती घेणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी ही हकिगत नोंदवून ठेवली आहे. दप्तर नेमके कसे बिघडते, हे त्या हकिगतीतून लख्ख दिसते. आग लागली नव्हती, पूर आला नव्हता, शत्रूने लुटले नव्हते. कारकून कमी केले, एवढेच पुरे झाले.

इंग्रजांनी हे दप्तर जपले ते इतिहासप्रेमाने नव्हे. सत्तांतरानंतर पहिला प्रश्न होता तो इनामांचा. कुणाची जमीन सरकारदेण्यातून माफ आहे, कुणाची सनद खरी आणि कुणाची बनावट, याचा निर्णय पेशव्यांच्या कागदांवाचून होणे शक्य नव्हते. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले आणि त्या कमिशनने दप्तरातल्या रुमालांच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांच्या, आधारे हजारो दावे तपासले. अनेक घराण्यांच्या पिढीजात जमिनी त्यात गेल्या. कागद इतके मोलाचे होते, कारण प्रत्येक कागदामागे सारा होता. कमिशन संपल्यावर दप्तर इनाम जमिनींचे काम पाहणाऱ्या एलिएनेशन ऑफिसकडे आले. पुण्यात आज पुराभिलेखागार ज्या दगडी इमारतीत आहे, ती याच कामासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली. महसुलासाठी सरकार इमारत बांधते, इतिहासासाठी क्वचितच.

इनामांचे काम सरले तसा सरकारचा दप्तरातला रस सरला. न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांनी या कागदांचे महत्त्व ओळखले. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी सातारकर महाराज आणि पेशवे यांच्या रोजनिश्यांतून वेचे निवडले. पण ते छापून प्रसिद्ध करण्याचा भार डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्सलेशन सोसायटीने घेतला, म्हणजे सरकारी दप्तरातला मजकूर लोकांपर्यंत आणायला एक खासगी संस्था पुढे आली. अभ्यासकांना दप्तरात मोकळा प्रवेश नव्हता, ही तक्रार कित्येक वर्षे चालू राहिली. इतिहासकार वि. का. राजवाड्यांसारखा माणूस गावोगाव फिरून वाड्यांच्या माळ्यांवरून कागद गोळा करत होता, तेव्हा पुण्यातले सर्वांत मोठे दप्तर कुलपात होते. अखेर इतिहासकार जदुनाथ सरकार यांच्या आग्रहामुळे मुंबई सरकार हलले आणि बडोदे संस्थानच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या गो. स. सरदेसाई यांच्याकडे काम आले. १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड निघाले. मराठी इतिहासलेखन त्यानंतर बदलले. मात्र हे काम झाले ते एका ठरावीक मुदतीच्या योजनेतून. योजना संपली, खंड निघाले आणि उरलेले हजारो रुमाल पुन्हा आपल्या जागी गेले.

मुंबईची गोष्ट थोडी वेगळी आहे. १८२१ मध्ये, गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत, तिथे सरकारचे रेकॉर्ड ऑफिस सुरू झाले. सतराव्या शतकातल्या सुरतेच्या वखारीपासूनचे कागद त्यात आहेत. इलाख्याची राजधानी असल्याने गुजरात, सिंध, कर्नाटकाचा काही भाग आणि एडन यांच्या कारभाराचे कागदही आपसूक इथे जमले. काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आजही हा संग्रह आहे. त्याची व्यवस्था अधिक सलग राहिली, कारण ते चालू सचिवालयाचे अंग होते. रोजच्या कामाला जुना पत्रव्यवहार लागे, म्हणून सूची करणारा माणूस कायम असे.

गोव्यातला दप्तरखाना तर १५९५ चा. पोर्तुगीज राजाज्ञेने तो स्थापन झाला आणि इतिहासकार दियोगु दु कोउतु त्याचा पहिला रक्षक झाला. पण त्याची आधुनिक मांडणी पाहायची तर विसाव्या शतकात यावे लागते. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी सुमारे तीस वर्षे हा संग्रह सांभाळला, आणि १९५५ मध्ये त्याची मार्गदर्शिका पोर्तुगीजमध्ये प्रसिद्ध केली. मराठे-पोर्तुगीज संबंधांचा अभ्यास करणारा आजही तिच्यापासूनच सुरुवात करतो. एका माणसाला सलग तीस वर्षे एका जागी राहू दिले तर काय घडते, याचे याहून चांगले उदाहरण नाही. मधून मधून आलेल्या मोठ्या अनुदानांतून असे काम होत नाही.

या तिन्ही कथांतून एकच गोष्ट निघते. राज्याला दप्तराची आठवण होते ती गरज पडली की. कधी ती गरज साऱ्याची असते, कधी इतिहासाच्या अभिमानाची, कधी जातीच्या दाखल्याची. त्या काळापुरता पैसा येतो, माणसे येतात. दोन गरजांमधल्या काळात मात्र कागदाला कुणी वाली नसतो. आणि कागदाचे बहुतेक आयुष्य या मधल्या काळातच जाते.

३

आता कायद्याकडे वळू. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख अधिनियम १९९३ चा. तो १ मार्च १९९५ पासून अमलात आला आणि त्याखालचे नियम १९९७ मध्ये झाले. तो केंद्र सरकार, केंद्रशासित प्रदेश आणि केंद्राचे उपक्रम यांना लागू आहे. राज्यांनी आपापले कायदे करायचे होते. महाराष्ट्राने महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ केला. दोन्ही कायद्यांचा गाभा सारखाच आहे. प्रत्येक कार्यालयाने एक अभिलेख अधिकारी नेमायचा. त्याने कागदांची वर्गवारी करायची, ठरावीक काळाने पाहणी करायची, निरुपयोगी ते रीतसर नष्ट करायचे आणि कायमस्वरूपी मोलाचे ते पुराभिलेखागाराकडे सोपवायचे. केंद्राच्या कायद्यात पंचवीस वर्षांपेक्षा जुन्या कागदांचे मूल्यमापन राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सल्ल्याने करायचे आहे, आणि १८९२ पूर्वीचा कागद, तो अगदी वाचण्यापलीकडे गेला असल्याखेरीज, नष्टच करता येत नाही. बेकायदा नाश केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माहिती अधिकार कायद्यातील कलम ४ तर सुरुवातच इथून करते: प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले सर्व अभिलेख सूचीबद्ध करून ठेवावेत.

म्हणजे कायद्यात कमतरता नाही. कचेरीतला नियमही जुना आणि स्पष्ट आहे. 'अ' वर्गाची नस्ती कायम, 'ब' वर्गाची तीस वर्षे, 'क' ची दहा, 'क-१' ची पाच आणि 'ड' ची एक वर्ष ठेवायची. महसूल खात्यात सहा गठ्ठा पद्धत आहे. काम संपलेली नस्ती कोणत्या गठ्ठ्यात जायची आणि अभिलेख कक्षाकडे कधी सोपवायची, हे प्रत्येक अव्वल कारकुनाला ठाऊक असते. अडचण येते ती करायला माणूस आणि ठेवायला जागा नसते तिथे. बहुतेक कार्यालयांत अभिलेख अधिकारी हे पद स्वतंत्र नसते. दुसऱ्याच कामाचा बोजा असलेल्या एखाद्या अधिकाऱ्याच्या गळ्यात ते पडते. अभिलेख कक्षात बदली म्हणजे बाजूला टाकले, अशी समजूत आहे, आणि ती अगदीच खोटी नाही. तिथे बढती नाही, मान नाही, आणि धुळीचा खोकला तेवढा आहे.

व्यवस्थापनातले सर्वांत अवघड काम राखण्याचे नसून टाकण्याचे आहे. सगळेच ठेवायचे ठरवले तर कशाचीच किंमत राहत नाही; जागा भरते, सूची मागे पडते आणि मोलाचा कागद रद्दीच्या ढिगात बुडतो. याउलट स्वच्छता मोहिमेच्या नावाखाली, वरून आलेला हुकूम आठवड्यात पुरा करायचा म्हणून, गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीवाल्याच्या टेम्पोत जातात तेव्हा 'ड' बरोबर 'अ' ही जातो. कोणता कागद उद्या कामास येईल हे आज सांगता येत नाही, हे ताडीच्या वहीने दाखवलेच आहे. म्हणून निवड करणाऱ्याला इतिहास, कायदा आणि त्या खात्याचा कारभार या तिन्हींची जाण हवी. हा पेशा आहे आणि त्याला शिक्षण लागते. नाशाची यादी पुराभिलेख संचालनालयाच्या डोळ्यांखालून जायला हवी, आणि ती तशी जायची तर संचालनालयाकडे ती वाचणारी माणसे हवीत.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली. माणसे दगावली, वरचे मजले जळाले, फायली खाक झाल्या. त्यानंतर संगणकीकरणाला जोर आला, हे खरे. पण त्या दिवशी कोणते कागद गेले हे सांगायचे तर आधी कोणते कागद होते याची यादी लागते. जिथे अशी यादी नसते तिथे नुकसानही मोजता येत नाही, आणि जे मोजता येत नाही त्यासाठी कुणाला जबाबदार धरता येत नाही. अपूर्ण सूचीचा फायदा कुणाला होतो, हे वाचकाने आपल्या मनाशी ठरवावे.

४

आता पैशाकडे. पुराभिलेखागाराचा खर्च चार ठिकाणी होतो: माणसे, इमारत, कागदाची दुरुस्ती आणि कागदाची ओळख. शेवटच्या खर्चाचा विचार सहसा होत नाही, आणि तोच सर्वांत मोठा असतो.

दुरुस्तीपासून सुरुवात करू. जुना कागद म्हणजे जास्त नाजूक, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात जुन्नर-दौलताबादकडच्या हातकागदावर काजळीच्या शाईने लिहिलेली अठराव्या शतकातली चिठ्ठी, पाणी आणि कसर यांपासून वाचली तर, आजही लवचीक असते. चिंध्यांपासून केलेल्या त्या कागदात आम्ल कमी आणि काजळीत कागद खाणारे काही नाही. याउलट विसाव्या शतकातला गिरणीचा कागद लाकडाच्या लगद्याचा असून त्याला तुरटी आणि राळेची खळ दिलेली असते. तो आतूनच आम्लाने पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. म्हणून पेशव्यांचे पत्र उलगडता येते आणि १९५० ची नस्ती हातात भुगा होते. उपाय माहीत आहेत: चुन्याच्या निवळीसारख्या द्रावणाने आम्ल काढणे, पातळ टिश्यू कागद खळीने चिकटवून ताव पुन्हा उभा करणे. पण कुशल हात दिवसाला मोजकेच ताव करू शकतो. त्यापेक्षा स्वस्त उपाय म्हणजे कागद बिघडू न देणे. त्यासाठी तापमान आणि दमटपणा वर्षाचे बारा महिने, दिवसाचे चोवीस तास एका मर्यादेत ठेवावा लागतो. संध्याकाळी कचेरीबरोबर वातानुकूलन यंत्रही बंद करायचे असेल तर ते न बसवलेले बरे. रोज थंड आणि रोज गरम होणारा कागद एका तापमानात पडून असलेल्या कागदापेक्षा लवकर खचतो. म्हणजे यंत्र विकत घेण्यापेक्षा विजेचे बिल भरत राहणे महत्त्वाचे.

डिजिटायझेशनची मागणी आज सगळीकडून होते, आणि ती रास्त आहे. तिचा हिशेब मात्र क्वचितच मांडला जातो. पेशवे दप्तरातल्या मोडी कागदांसाठी चार कोटी हा आकडा नेहमी सांगितला जातो. तोच उदाहरणाला घेऊ. एका स्कॅनरवर दिवसाला हजार प्रतिमा आणि वर्षाला अडीचशे कामाचे दिवस धरले, तर एक यंत्र वर्षाला अडीच लाख प्रतिमा काढील. एका कागदाची एकच प्रतिमा धरली तरी चार कोटींना एका यंत्राला एकशे साठ वर्षे लागतील. सोळा यंत्रे लावली तर दहा. हे अवघड असले तरी पैशाने होणारे काम आहे. पण प्रतिमा काढली म्हणजे कागद सापडेल असे नाही. कुणी कुणाला, कोणत्या तारखेस, कशाबद्दल लिहिले, ही एक ओळ तरी प्रत्येक कागदामागे लागते. ती लिहायला मोडी वाचणारा, शके आणि सुहूर सन जाणणारा, गावांची जुनी नावे ओळखणारा माणूस हवा. त्याने दिवसाला पन्नास कागदांच्या ओळी लिहिल्या असे धरले, तर त्याच अडीचशे दिवसांत वर्षाला साडेबारा हजार. चार कोटींना असे बत्तीसशे माणूस-वर्षे. प्रतिमेपेक्षा ओळख वीसपट महाग! आणि निविदा निघते ती प्रतिमेची. परिणामी हजारो जीबींचे असे संग्रह तयार होतात, ज्यांत काय आहे हे जुन्या रुमालावरच्या चिठ्ठीइतकेही कळत नाही. वर हार्डडिस्क काही वर्षांत जुनी होते, फाइलचे स्वरूप बदलते, सर्व्हरचे भाडे दर वर्षी येते. हातकागद दोनशे वर्षे दुर्लक्ष सोसू शकला. हार्डडिस्क दहा वर्षेही सोसणार नाही.

या सगळ्या खर्चात एक साम्य आहे. तो दर वर्षी लागतो. आणि पैसा मिळतो तो एकदाच, प्रकल्प म्हणून. उद्घाटन होते, फीत कापली जाते, तीन वर्षांचे देखभाल कंत्राट संपते आणि यंत्रे झाकून ठेवली जातात. कोकणातला माणूस दर वर्षी पावसाआधी कौले चाळतो. एकदा उत्तम छप्पर घातले म्हणून पाच वर्षे वर चढायचे नाही असे तो म्हणत नाही. दप्तराला हवा तो असा नेमाचा पैसा, आणि तोही बेताचाच. दहा कोटींच्या प्रकल्पापेक्षा दर वर्षी न चुकता मिळणारा एक कोटी दप्तराला अधिक तारतो.

मग तो मिळत का नाही? एक कारण अर्थसंकल्पाच्या रचनेत आहे. आस्थापनेवरचा खर्च म्हणजे वाया जाणारा आणि योजनेवरचा खर्च म्हणजे विकास, अशी समजूत मुरलेली आहे. काटकसरीचे परिपत्रक निघाले की आधी गोठतात त्या रिक्त जागा, आणि पुराभिलेखागारात माणूस हीच खरी यंत्रसामग्री असते. दुसरे कारण हा विषय कोणाकडे आहे यात सापडते. महाराष्ट्रात पुराभिलेख संचालनालय सांस्कृतिक कार्य विभागाखाली येते. तिथे त्याची स्पर्धा महोत्सव, पुरस्कार, स्मारके आणि नाट्यगृहे यांच्याशी असते. त्या प्रत्येकाला प्रेक्षक आहे, छायाचित्र आहे. सूचीच्या नोंदवहीला दोन्ही नाही. मला वाटते, चूक मुळातच वर्गीकरणाची आहे. ज्याच्या आधारे जमिनीचा निवाडा होतो, जातीचा दाखला मिळतो आणि सरकारला जाब विचारता येतो, ते दप्तर राज्यकारभाराचा अवयव आहे. त्याचा खर्च न्यायदान आणि महसूल यांच्या रांगेत मोजला पाहिजे.

फीवर दप्तर चालवावे, असा सल्ला अधूनमधून येतो. पण नक्कल फी राज्याच्या तिजोरीत जमा होते, अभिलेखागाराच्या हाती येत नाही. आली असती तरी ती वाढवत नेणे म्हणजे ज्याला कागदाची सर्वाधिक गरज त्याच्याकडूनच वसुली करणे. दुसरा सल्ला कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत वारसा जतन बसते, तेव्हा तो मार्ग खुला आहे आणि वापरावाही. धोका मात्र ओळखून असावे. देणगीदाराला शिवकालीन पत्र हवे असते, पेशव्यांच्या शिक्क्याचा फोटो हवा असतो. १९५१ च्या ताडीच्या वहीला देणगीदार मिळणार नाही. खासगी पैसा सणाचे गोडधोड वाढू शकतो. रोजचे जेवण सरकारनेच घातले पाहिजे.

५

या साऱ्यावर एक आक्षेप मोठा आहे आणि तो टाळणे बरे नव्हे. ज्या राज्यात पाण्यासाठी टँकर धावतात, शेतकरी कर्जात बुडालेला आहे, तिथे कागदांवर पैसा का घालवायचा? हा प्रश्न विचारणाऱ्याने कोयनेच्या धरणग्रस्तांकडे पाहावे. धरण होऊन साठ वर्षे उलटली, गावे पाण्याखाली गेली, आणि पर्यायी जमिनीचा प्रश्न त्यांच्या नातवंडांच्या हाती येऊनही पुरा मिटलेला नाही. कुणाचे किती क्षेत्र गेले, मोबदला कुणाला मिळाला, संकलन रजिस्टरात नाव आहे की नाही, यावर सारे अडते. श्रीमंताकडे सनदा असतात, वकील असतात, बँकेच्या लॉकरमध्ये प्रती असतात. गरिबाचा कागद एकच असतो आणि तो सरकारच्या कपाटात असतो. तो हरवला की त्याचा हक्कही हरवतो. म्हणून टँकर आणि दप्तर यांत निवड करायला सांगणे म्हणजे गरिबाच्या एका गरजेला त्याच्याच दुसऱ्या गरजेशी झुंजवणे आहे.

पुढील प्रकरणांत हा विषय टप्प्याटप्प्याने येतो. आधी कागदाचे आयुष्य आहे: तो जन्मतो कुठे, वर्गवारी कोण करतो, कोणत्या टप्प्यावर काय खर्च येतो. मग इमारत, साठवण, कसर-वाळवी-बुरशी, दुरुस्ती. त्यानंतर सूची आणि डिजिटायझेशन, आणि शेवटी अंदाजपत्रक कसे मांडावे. मांडणीच्या मागे काही आग्रह आहेत, ते इथेच सांगतो. कोणत्याही खात्याची नवी योजना मंजूर होताना तिचे कागद आणि डेटा पुढे कसे राखायचे, याचा खर्च त्याच मंजुरीत धरावा. अभिलेखापालाचे पद प्रशिक्षित, कायम आणि बढतीची वाट असलेले असावे. स्कॅनिंगच्या प्रत्येक निविदेत सूचीचा खर्च वेगळा दाखवावा, आणि सूची नसेल तर स्कॅनिंग सुरूच करू नये. मोडी, उर्दू आणि पोर्तुगीज वाचणाऱ्यांना निकडीच्या वेळी रोजंदारीवर बोलावण्यापेक्षा नेमणुकीवर ठेवावे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सरकारी कामात असलेली मोडी आज वाचणारे थोडे उरले आहेत. आणि कोणत्या कार्यालयाने किती कागद सोपवले, किती नष्ट केले, किती गहाळ आहेत, याचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे यावा.

यातले काहीही अशक्य नाही, आणि फार महागही नाही. पेशव्यांच्या दप्तराला जे कारकून पुरत होते ते कमी केल्यावर काय झाले, हे आपल्याला ठाऊक आहे. पिसुर्लेकरांसारख्या माणसाला स्थैर्य मिळाल्यावर काय झाले, तेही ठाऊक आहे. दोन्ही धडे आपल्याच मातीतले आहेत, त्यासाठी बाहेर जायला नको.

हे पुस्तक लिहिले आहे ते अभिलेख कक्षात काम करणाऱ्यांसाठी, त्यांच्या वरिष्ठांसाठी, आणि त्याहून अधिक त्या कक्षाच्या दाराशी अर्ज घेऊन उभ्या राहणाऱ्यांसाठी. दर मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प मांडला जातो. नव्या स्मारकांच्या घोषणा ऐकताना, पुराभिलेखाच्या किती मंजूर जागा रिकाम्या आहेत आणि त्या कधी भरणार, हा प्रश्न एखाद्या आमदाराने, एखाद्या वार्ताहराने किंवा गावातल्या एखाद्या अर्जदाराने विचारला, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहिला, तर हे पुस्तक लिहिल्याचे सार्थक होईल.